पेन्शनच्या जागी ऑप्शन

(नवी दिल्लीतील आर. के. पुरम येथे निवृत्त व सेवेतील केंद्रीय कर्मचारी आणि पक्षसभासद यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेअरबाजारातील ऑप्शन या विषयावर पक्षाच्या अभ्यासवर्गात भाषण ठेवले म्हणून काही जुन्या सभासदांना नवल वाटले आहे. सट्ट्याची परिभाषा कामगारांनी कशाला शिकायची, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु सट्टा आता दलाल स्ट्रीटवर थांबलेला नाही. तो निवृत्त कारकुनाच्या ग्रॅच्युइटीपर्यंत येऊन पोचला आहे, आणि तेथे तो सट्टा या नावाने येत नाही. तो ‘दरमहा लाभांश’, ‘नियमित उत्पन्न’, ‘दुसरा पगार’ अशा सभ्य नावांनी येतो. ज्याने आयुष्यात कधी शेअर घेतला नाही असा माणूस या नावांना भुलतो, यात त्याच्या लोभाचा भाग थोडा आणि त्याच्या अडचणीचा भाग फार मोठा आहे. ही अडचण समजून घेतल्याशिवाय त्याला उपदेश करणे व्यर्थ होय.

आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम, ही वसाहत केंद्र सरकारने आपल्या नोकरवर्गासाठी वसवली. येथील माणूस पत्ता सांगताना रस्त्याचे नाव सांगत नाही, सेक्टरचा क्रमांक सांगतो. नोकरी आहे तोवर क्वार्टर आहे, नाममात्र भाडे आहे, जवळच दवाखाना आहे, मुलांची शाळा आहे. निवृत्तीच्या दिवशी पगार थांबतो आणि पुढे काही महिन्यांत क्वार्टरही खाली करावे लागते. मग द्वारकेत वा गाझियाबादेत भाड्याने घर शोधायचे, किंवा साताऱ्याला, नागपूरला, जेथून तीस-पस्तीस वर्षांपूर्वी निघाले तेथे परत जायचे. घरभाडे महिन्याचे असते, औषधे महिन्याची असतात, किराणा महिन्याचा असतो. म्हणूनच ‘दरमहा’ या शब्दात निवृत्त माणसाला एवढे सामर्थ्य वाटते. फंडवाल्यांनी हा शब्द नेमका हेरला आहे.

या एकाच वसाहतीत आज तीन प्रकारचे कष्टकरी राहतात वा काम करतात. १ जानेवारी २००४ पूर्वी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांना, सैन्यदले वगळता, नवी पेन्शन योजना आहे. आणि त्याच कचेऱ्यांतून झाडलोट, पहारा, संगणकावर टंकलेखन करणारे जे हजारो कंत्राटी कामगार आहेत त्यांच्या वाट्याला, ठेकेदाराने पैसे भरले असलेच तर, भविष्यनिर्वाह निधीची १९९५ सालची पेन्शन योजना आहे. तिघेही एकाच नळाचे पाणी पितात. म्हातारपण मात्र तिघांचे तीन तऱ्हांचे आहे.

पेन्शन म्हणजे काय, हे या देशात ज्या निकालाने निःसंदिग्धपणे सांगितले तो डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील होय. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. वाद वरकरणी छोटा होता. सरकारने पेन्शन मोजण्याचे नियम उदार केले, परंतु ३१ मार्च १९७९ ही तारीख घालून त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळले. न्यायालयाने ती भेदरेषा पुसून टाकली, आणि त्या ओघात असे म्हटले की पेन्शन ही मालकाने केलेली कृपा नव्हे, दान नव्हे. ती पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे. कामगार चळवळीच्या भाषेत, पेन्शन हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे. आज देशभर निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात तो याच कारणासाठी.

या व्याख्येपासून एक गोष्ट आपोआप निघते. वेतन चुकते करण्याची जबाबदारी मालकाची असते. बाजार पडला म्हणून कारखानदार महिन्याचा पगार अर्धा करू लागला, तर कामगार ते ऐकून घेत नाही. जुन्या पेन्शनीत हेच तत्त्व होते : शेवटच्या पगाराशी जोडलेली रक्कम, वर महागाईभत्ता, आणि पुढचा वेतन आयोग आला की त्यात सुधारणा. डिसेंबर २००३ मध्ये वाजपेयी सरकारने एका अधिसूचनेने हे तत्त्व उलटे केले. यापुढे कर्मचाऱ्याने पगाराचे १० टक्के भरावेत, सरकारनेही तितकेच भरावेत, ते पैसे बाजारात गुंतवावेत, आणि निवृत्तीच्या दिवशी जे काय साठले असेल त्यातील किमान ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून वर्षासने घ्यावीत. सरकारचा वाटा एप्रिल २०१९ पासून १४ टक्के झाला. तत्त्व तेच राहिले. पूर्वी भरावयाची रक्कम अनिश्चित आणि मिळणारी पेन्शन निश्चित होती. आता भरावयाची रक्कम तेवढी निश्चित झाली. जोखीम सरकारच्या शिरावरून काढून कारकुनाच्या शिरावर ठेवली गेली, एवढाच या ‘सुधारणे’चा अर्थ.

डाव्या पक्षांनी या योजनेला संसदेत विरोध केला. २०१३ साली, काँग्रेस राजवटीत, भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने तिला कायद्याचे रूप मिळाले, तेव्हाही केला. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने ती आपल्या कर्मचाऱ्यांना लागू केली नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्या कर्मचाऱ्यांनी १४ ते २० मार्च २०२३ असा जो संप केला त्यातील ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा येथे दिल्लीतही ऐकू आली; १ ऑक्टोबर २०२३ रोजी रामलीला मैदान देशभरच्या कर्मचाऱ्यांनी भरून गेले. या दबावानेच सरकारला १ एप्रिल २०२५ पासून ‘एकीकृत’ पेन्शन योजना आणावी लागली. पंचवीस वर्षे सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम देण्याचे वचन त्यात आहे. परंतु कर्मचाऱ्याची वर्गणी कायम आहे, आणि कर्मचाऱ्यांना तिचा विश्वास किती वाटला हे एवढ्यावरून दिसते की पर्याय निवडण्याची मुदत जूनवरून सप्टेंबर आणि सप्टेंबरवरून नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली.

चाळिशीच्या आसपास, २००४-०५ मध्ये नोकरीला लागलेले लोक आता निवृत्त होऊ लागले आहेत. त्यांच्या खात्यात वीस वर्षांचीच पुंजी आहे आणि तिच्या चाळीस टक्क्यांतून मिळणारे वर्षासन पाहून त्यांचे डोळे उघडतात. परंतु त्याच दिवशी त्यांच्या हातात उरलेले साठ टक्के आणि ग्रॅच्युइटी अशी, आयुष्यात कधी पाहिली नाही एवढी, मोठी रक्कम येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये आहे. महिन्याचे उत्पन्न तोकडे, आणि एकरकमी पैसा हातात. नेमक्या या क्षणी दार वाजते, आणि आतल्या माणसाला सांगितले जाते की या रकमेवर शेअरही वाढतील आणि महिन्याला ‘पगार’ही मिळेल.

हा पगार कोठून येतो ते आता पाहू.

ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क म्हणजे कॉल. तसाच तो देण्याचा हक्क म्हणजे पुट. हे दोन्ही ऑप्शन होत. हक्क घेणारा त्याची किंमत रोख मोजतो, तिला प्रीमियम म्हणतात. हक्क विकणारा प्रीमियम खिशात घालतो आणि त्याबदल्यात बांधला जातो. उत्पन्न देणारे हे फंड करतात ते इतकेच : शेअर घेऊन ठेवायचे, त्या शेअरांवरील कॉल दर महिन्याला, कधी दर आठवड्याला विकायचे, आणि आलेला प्रीमियम लाभांश म्हणून वाटायचा.

समजा, शेअरचा भाव १०० रुपये आहे. महिनाअखेर तो १०५ रुपयांना घेण्याचा हक्क फंडाने २ रुपयांना विकला. भाव जागच्या जागी राहिला तर २ रुपये निव्वळ मिळाले. माहितीपत्रकात हाच महिना दाखवतात. भाव १२० वर गेला तर फंडाला शेअर १०५ लाच द्यावा लागतो. हाती १०७ येतात, १३ जातात. भाव ८० वर कोसळला तर हक्क घेणारा फिरकतही नाही. शेअर फंडाच्याच गळ्यात राहतो आणि प्रीमियम धरून त्याचे मोल ८२ होते. थोडक्यात, चढाचा मोठा भाग दुसऱ्याचा आणि उतार जवळजवळ सगळा निवृत्ताचा. या पद्धतीला फसवणूक म्हणता येणार नाही. करार उघड असतो, आणि नुसते शेअर धरून बसणाऱ्यापेक्षा त्याची घसरण दोन रुपयांनी कमी होते, हेही नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की ज्याला पुढची पंचवीस वर्षे महागाईशी झगडायचे आहे त्याने वाढ विकून टाकायची आणि घसरण तेवढी जवळ ठेवायची, हा सौदा कोणाच्या सोयीचा?

या प्रकाराचे माहेर अमेरिका होय. तेथे १९८० च्या दशकापासून खासगी मालकांनी निश्चित पेन्शन मोडून कामगारांना बाजारातल्या खात्यांवर सोडून दिले. ती पिढी निवृत्त झाल्यावर ‘महिन्याला किती देता’ हा प्रश्न घेऊन बाजारात आली, आणि बाजाराने माल तयार ठेवला. ‘ग्लोबल एक्स’ कंपनीचा, नॅसडॅक-१०० या निर्देशांकावरील कॉल विकणारा फंड डिसेंबर २०१३ मध्ये निघाला. तेव्हा त्याच्या एका हिश्शाचा भाव २५ डॉलरच्या आसपास होता. २०२२ च्या अखेरीस तो १६ डॉलरच्या आसपास आला. त्याच काळात मूळ निर्देशांक सुमारे तिप्पट झाला होता. मधल्या नऊ वर्षांत धारकांना दर महिन्याचे हप्ते मिळाले, ते हिशेबात धरलेच पाहिजेत. तरीही कंपन्यांच्या वाढीचा मोठा भाग त्यांच्या हातून निसटला आणि मुद्दल मात्र झिजले. २०२२ नंतर एकेका कंपनीच्या शेअरवर ऑप्शन विकून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या वर वाटप दाखवणारे फंडही तेथे आले. असा फंड इतका वाटतो कसा, हे विचारणाऱ्याला उत्तर त्याच्याच खुलाशात सापडते : वाटपाचा काही भाग ‘भांडवलाची परतफेड’ आहे.

आर. के. पुरममधील निवृत्ताला अमेरिकेशी काय करायचे, असे म्हणता येणार नाही. ज्यांची मुले तिकडे नोकरी करतात त्या घरांतून हा मार्ग आधीच ठाऊक झाला आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्या लाभांशातून अमेरिकी सरकार २५ टक्के कर आधीच कापून घेते, हे मात्र बहुतेकांना पहिला हप्ता आल्यावर कळते.

भारतातही दारे एकेक करून उघडत आहेत. सेबीने जानेवारी २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांना निफ्टी आणि सेन्सेक्समधील शेअरांवर कॉल विकण्याची परवानगी दिली. त्यावर शेअरांच्या किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. एप्रिल २०२५ पासून ‘विशेष गुंतवणूक फंड’ हा नवा वर्ग आला. त्यात याहून मोकळे व्यवहार चालतात, आणि किमान गुंतवणूक १० लाख रुपयांची आहे. जोखीम समजणाऱ्या श्रीमंतांनीच यात यावे म्हणून ही अट, असे समर्थन केले जाते. परंतु दहा लाख रुपये नगद कोणाकडे असतात? श्रीमंताकडे नेहमी असतात. आणि आयुष्यात एकदाच, निवृत्तीच्या महिन्यात, कारकुनाकडेही असतात. त्या एका महिन्यापुरता तो नियमाच्या दृष्टीने श्रीमंत ठरतो.

लाभांश या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे खुद्द सरकारी नियंत्रकानेच कबुली देऊन ठेवली आहे. १ एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांना ‘डिव्हिडंड’ हे नाव वापरता येत नाही. त्याऐवजी ‘इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल’ म्हणावे लागते, म्हणजे उत्पन्नाचे वाटप आणि भांडवलाची काढणी. हे लांबलचक नाव ज्या घटनांमुळे द्यावे लागले त्या फार जुन्या नाहीत. नोटाबंदीनंतर बँकांच्या ठेवींचे दर उतरले तेव्हा शेअर आणि रोखे यांचे मिश्रण असलेले फंड ‘महिन्याला एक टक्का लाभांश’ म्हणून निवृत्तांना विकण्यात आले. २०१८ च्या अर्थसंकल्पात अशा वाटपावर कर बसला, बाजार घसरला, आणि महिन्याचे हप्ते आटले. ज्यांना हे पैसे म्हणजे व्याज वाटत होते त्यांना आपलेच पैसे परत मिळत होते हे तेव्हा उमगले.

हिशेब करून पाहू. एका निवृत्ताने २० लाख रुपये घातले आणि वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला २०,००० रुपये घेऊ लागला. फंडाने चढउतार पचवून वर्षाला सरासरी ७ टक्के कमावले, असे उदारपणे धरू. पहिल्या वर्षाअखेर १९ लाख उरतात. पाचव्या वर्षाअखेर सव्वाचौदा लाख. दहाव्या वर्षाअखेर सहा लाखांच्या थोडे वर. तेराव्या वर्षी खाते रिकामे होते, आणि तेव्हा त्याचे वय ७३ असते. फंड कंपनी म्हणेल, आम्ही हप्ता रकमेच्या प्रमाणात देतो, म्हणून खाते कधीच संपत नाही. तेही खरे, मग खाते संपण्याऐवजी हप्ता लहान लहान होत जातो आणि औषधांचा खर्च वाढत जातो.

मुंबईतल्या जुन्या गिरणी कामगारांना हा खेळ नवा वाटणार नाही. कापसाच्या बाजारात त्याचे नाव तेजी-मंदी होते : तेजी म्हणजे आजचा कॉल, मंदी म्हणजे आजचा पुट. त्या सौद्यांनी इतका धुमाकूळ घातला की १९३९ साली मुंबई प्रांताने कापसातील ऑप्शनवर बंदी घालणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याच्या विसाव्या कलमाने शेअरांतील ऑप्शनही बेकायदा ठरवले. (न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर लागणाऱ्या पैजांतूनच पुढे मटका निघाला, आणि गिरणगावातील किती पगार त्या मडक्यात गेले त्याची गणती नाही.) म्हणजे भांडवलदारी व्यवस्थेच्याच कायदेमंडळांना जवळजवळ चार दशके या व्यवहाराचा धोका मान्य होता. उदारीकरणाच्या लाटेत, १९९५ साली, ते विसावे कलम गुपचूप वगळण्यात आले.

पुढचा टप्पा तर तारखेनिशी लक्षात ठेवण्याजोगा आहे. २ जुलै २००१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजारात एकेका कंपनीच्या शेअरवरील ऑप्शनचे व्यवहार सुरू झाले. त्याच दिवशी युनिट ट्रस्टने आपल्या ‘युनिट ६४’ योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केल्याचे जाहीर केले. १९६४ पासून चालत आलेली ही योजना शाळामास्तरांची, टपाल कर्मचाऱ्यांची, विधवांची योजना होती. सरकारी संस्था म्हणून लोकांनी डोळे मिटून तीत पैसे ठेवले होते. ते पैसे मोठ्या प्रमाणावर शेअरांत गेले होते, हे लोकांना दार बंद झाल्यावर कळले. २००२ च्या कायद्याने युनिट ट्रस्टचे दोन तुकडे झाले आणि दिलेली वचने निभावण्यासाठी सरकारी तिजोरी उघडावी लागली. ती उघडली याचे कारण मागे सरकार होते. आजच्या खासगी फंडामागे कोणी नाही; एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने कर्जरोख्यांच्या सहा योजना एका रात्रीत गुंडाळल्या तेव्हा धारकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता या विषयाच्या मर्माकडे वळले पाहिजे. फंडाला प्रीमियम मिळतो तो कोणी तरी मोजतो म्हणून. तो कोण?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे व ऑप्शन बाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी या बाजारात व्यवहार केले. त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. दलाली व शुल्कासह एकंदर तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. व्यवहार करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला ५ लाखांच्या आत होते. २०२३-२४ मध्ये तिशीच्या आतल्या तरुणांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर पोचले होते. त्या एका वर्षात दलाली संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी, शुल्के वजा करण्यापूर्वी, सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८,००० कोटी रुपये मिळवले. त्यातील जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप चालवलेल्या व्यवहारांतून आला. पुढच्या, २०२४-२५ च्या वर्षी, नियम कडक केल्यानंतरही, ९१ टक्के व्यक्ती तोट्यात होत्या आणि तोटा एक लाख कोटींहून अधिक होता. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी संस्थेवर निर्देशांक फिरवल्याचा आरोप ठेवून ४,८४३ कोटी रुपये अटकावून ठेवण्याचा अंतरिम आदेश काढला. संस्थेने आरोप नाकारले आणि वाद अपिलात गेला.

हे एक कोटी लोक कोण आहेत? नोकरी नसलेला पदवीधर, कंत्राटावरचा अभियंता, पोलीसभरतीचे वय उलटून गेलेला मुलगा, असेच बहुतेक त्यांत आहेत. हातातल्या फोनवर दोन-चारशे रुपयांचा कॉल घेऊन नशीब काढू पाहणारा हा तरुण जो प्रीमियम मोजतो त्याच्यातून ऑप्शन विकणाऱ्याचे ‘उत्पन्न’ तयार होते. आजवर हे उत्पन्न बड्या संस्थांनी खाल्ले. आता त्यातला एक छोटा घास निवृत्तांना देऊ केला जात आहे. ज्या बापाची पेन्शन काढून घेतली त्याला सांगायचे की ज्या मुलाला नोकरी दिली नाही त्याच्या तोट्यावर म्हातारपण काढ. आणि या दोघांमधील व्यवहाराचे व्यवस्थापन-शुल्क फंड कंपनीने घ्यायचे. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात आभासी भांडवलाची चर्चा केली ती ज्यांना कोरडी वाटते त्यांनी या एका उदाहरणावर ती ताडून पाहावी. ऑप्शनच्या व्यवहारात एक सूतभर कापड विणले जात नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि वाटेत दलालाचा हात ओला होतो. पेन्शन ही समाजाच्या चालू उत्पादनातून, त्या उत्पादनाचा पाया घालणाऱ्या पिढीला दिली जाते. दोन्हींचा हप्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असेल, म्हणून दोन्ही एक ठरत नाहीत.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुनी पेन्शन घेणाऱ्या कॉम्रेडला ‘या फंडांच्या वाटेला जाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. त्याची चूल पेटती आहे. परंतु नव्या योजनेतला निवृत्त विचारील, मग खाऊ काय? त्याला पक्षाच्या कार्यक्रमाचे पुस्तक देऊन भागणार नाही. आज जे सरकारी हमीचे मार्ग शिल्लक आहेत ते त्याला नीट समजावून दिले पाहिजेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ पासून ३० लाख आहे, दर त्या एप्रिलपासून ८.२ टक्के झाला. वरच्या उदाहरणातील २० लाख तेथे ठेवले तर या दराने तिमाहीला ४१,००० रुपये मिळतात, फंडाने दाखवलेल्या ६०,००० पेक्षा १९,००० कमी. परंतु मुद्दल जागेवर राहते. ज्याला महिन्यालाच पैसे हवेत त्याला टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना आहे. तिची मर्यादा एकट्याला ९ लाख, जोडप्याला १५ लाख. यांतील उणीवही सांगितली पाहिजे. व्याजाला महागाईभत्ता नसतो. दहा वर्षांनी ४१,००० चे मोल काय उरेल ते गृहिणींना विचारावे, अर्थतज्ज्ञांना नव्हे.

आणि हे मार्गही आक्रसत आहेत. आयुर्विमा महामंडळामार्फत चालणारी, दरमहा पेन्शन देणारी प्रधानमंत्री वय वंदना योजना ३१ मार्च २०२३ रोजी बंद करण्यात आली. तिच्या जागी तशी दुसरी योजना आली नाही. एकीकडे हमीचे दुकान बंद करायचे आणि दुसरीकडे जोखमीचे दुकान सजवायचे, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. म्हणून निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी जुन्या पेन्शनच्या मागणीबरोबरच दोन मागण्या जोडल्या पाहिजेत : बचत योजनांच्या व्याजाला महागाईची जोड, आणि बंद केलेली हमीची वर्षासने पुन्हा सुरू करणे. जुन्या पेन्शनच्या लढ्यात जो जिंकला त्याने घरी बसावे, असे होता कामा नये. नकारा खटल्यात न्यायालयाने निवृत्तांच्या दोन गटांतील भिंत पाडली. आज सरकारने २००४ च्या तारखेची तशीच दुसरी भिंत उभी केली आहे, आणि तिच्या अलीकडे सुखात बसलेले बरेच जण चळवळीतले आहेत.

तिसऱ्या थराविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आर. के. पुरमला लागूनच भिकाजी कामा प्लेस आहे. १९०७ साली स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा फडकवणाऱ्या मुंबईच्या मादाम कामांचे नाव या व्यापारी संकुलाला दिले आहे. त्याच परिषदेत लेनिन आणि रोझा लुक्झेंबुर्ग उपस्थित होते, हे येथून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या संकुलात अनेक वर्षे भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे मुख्य कार्यालय होते. येथे ज्या पेन्शनीचा कारभार चालला तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी ती तेथेच राहिली. वेतनाची मर्यादा १५,००० धरून, पस्तीस वर्षे खाडा न होता वर्गणी भरली, तर त्या सूत्राने पेन्शन होते ७,५००. कंत्राटी कामगाराची पस्तीस वर्षे सलग कधी भरतात? बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या पेन्शनरांच्या चळवळीची मागणी किमान ७,५०० रुपये आणि महागाईभत्ता अशी आहे. ज्यांनी गिरण्यांत, साखर कारखान्यांत, एस. टी. महामंडळात हाडे झिजवली त्यांचा हा आवाज आहे. त्यांच्यापुढे दरमहा लाभांशाचा प्रश्नच उभा राहत नाही, कारण फंडात घालायला त्यांच्याजवळ काही नसते. मात्र त्यांची भविष्यनिर्वाह निधीची शिल्लकही ऑगस्ट २०१५ पासून, कामगार संघटनांचा विरोध डावलून, अंशतः शेअरबाजारात जाऊ लागली. त्यांना कोणी विचारले नाही.

त्यामुळे या वसाहतीतील शाखांपुढे दोन कामे आहेत आणि त्यांतील दुसरे अधिक निकडीचे आहे. पुढील सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांची सेक्टरवार यादी करून, फंडाचा एजंट पोचण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन वरील हिशेब कागदावर मांडून दाखवावा. वीस लाखांचे तेरा वर्षांत काय होते ते आकड्यांनीच बोलू द्यावे. दुसरे, कचेऱ्यांतील कंत्राटी सफाई कामगार, पहारेकरी आणि माळी यांची भविष्यनिर्वाह निधीची पासबुके तपासावीत. बहुतेकांच्या फोनवर ती उघडता येतात. ठेकेदाराने पगारातून कापलेली वर्गणी प्रत्यक्ष जमा केली आहे काय, ठेकेदार बदलला तेव्हा जुने खाते नव्याला जोडले गेले काय, सेवेची वर्षे तुटली काय, हे महिनावार उतरवून घ्यावे आणि जेथे खंड दिसेल तेथे विभागीय आयुक्तांकडे कामगाराच्या सहीने तक्रार नोंदवावी. या कामाला ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आपली नावे व सेक्टर आजच सभागृहातून जाण्यापूर्वी लिहून द्यावीत.